सोमाभाऊंची झाडांची फौज

सोमाभाऊंना मी पहिल्यांदा जवळून पाहिलं, तेव्हा ते पळसाच्या झाडाला मिशा काढत होते. झाड बोटाएवढं, लाकडात कोरलेलं. हातात ढाल, कमरेला तलवार, डोक्यावर केसांच्या जागी केशरी फुलं.

"थांबा गुरुजी, श्वास नका घेऊ," ते म्हणाले. "मिशी वाकडी होते."

ही ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. मी साकोलीच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर, रीतसर परीक्षा पास झालेला. माझ्या बैठकीत मी रंगवलेला तीन फुटी सूर्यास्त टांगला होता, पण आल्यागेल्यानं कधी मान वर करून पाहिला नाही. शेजारी सोमाभाऊंच्या छपरीत मात्र माणसं चपला काढून जात. खोटं कशाला बोलू, जळायचो मी! माझी बायको शांतासुद्धा म्हणायची, "त्यायच्या झाडाले हात लावावासा वाटते जी." पंधरा वर्षांत माझ्या सूर्यास्ताला तिनं फक्त फडकं लावलं.

सोमाभाऊ जंगल खात्यात नाकेदार. कापायच्या झाडांवर हातोड्यानं शिक्का मारायचा, मग डेपोत त्यांच्या ओंडक्यांच्या थप्प्या लावून घ्यायच्या. घरी एकटा जीव. ब्रश खारीच्या शेपटीचा, रंग चुना, गेरू अन् काजळीचे. आणि एकच पालुपद, "रंग सुकला तरी पान हाललं पायजे."

मीही गुपचूप एक सागवान कोरला. शांतानं तो ढलपी समजून चुलीत घातला.

रविवारी छपरीत खडूनं चौकटी आखून लढाई चाले. एकीकडे चाळीस झाडं, दुसरीकडे कुऱ्हाडवाले. कुऱ्हाडवाल्यांना रंग नाही, नाकडोळे नाहीत, नुसते ठोकळे. दान चिंचोक्यांचं. पाहुण्याला कायम झाडं देत, स्वतः कुऱ्हाडी घेत, दर रविवारी हरत आणि वर खूष होत. मेलेलं झाड चौकटीबाहेर उभंच ठेवायचं, हाही त्यांचाच नियम.

एका रविवारी छपरी गच्च भरली होती. जो तो "वा सोमाभाऊ" करत होता. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"आज कुऱ्हाडी मले द्या," मी म्हणालो.

"काहून जी?"

"काहून म्हणजे? रंगवता तर बम झकास! लढवताही येते का पाहू द्या."

त्यांनी ठोकळे माझ्याकडे सरकवले.

त्या दिवशी चिंचोके माझ्यावर मेहेरबान होते. तासाभरात मी फौज झोपवली. मारलेलं झाड ऐटीत आडवं टाकत होतो, एकावर एक. शेवटी तो मिशीवाला पळसही थप्पीवर फेकला आणि मोठ्या दिमाखानं लोकांकडे पाहिलं. कोणी हसलं नाही.

सोमाभाऊ थप्पीकडे पाहत होते.

"हा मोह तळ्याकाठचा," ते हळूच म्हणाले. "हा बेहडा नाल्यावरचा. यायच्यावर शिक्के म्याच मारले, गुरुजी. कापाच्या आधी हे कोराले एकेक फांदी घेऊन आलो." मग म्हणाले, "आडवे नका ठेवू जी. डेपोत रोज तेच पाह्यतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी एकेक झाड उचलून उभं केलं, चाळीसच्या चाळीस. पळसाची अर्धी मिशी खरवडली गेली होती.

मी तो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी घेतला नाही. खारीचा ब्रश काजळीत बुडवून माझ्याच हातात दिला.

"काढा गुरुजी. तुमचा हात पास झालेला आहे."

मी श्वास रोखून धरला.