कंपाउंडरच खुनी

हुपरीकर काका शर्टाच्या खिशात पेन ठेवत नसत, व्हर्नियर कॅलिपर ठेवत. कारखान्यात नटबोल्टची जाडी मोजायचं ते स्टीलचं यंत्र काका हॉटेलात बाहेर काढत. डोसा आला की आधी त्याची जाडी बघायची, मग मान हलवायची. "कडेला पातळ, मध्ये जाड. टॉलरन्सच्या बाहेर. रिजेक्ट!" मग तो रिजेक्ट झालेला डोसा ते ताट पुसून खात आणि वर सांबार दोनदा मागून घेत. शनिवारी बसने चेन्नईजवळच्या कोवलमला मासळी आणायला गेले की होडीतून उतरलेल्या बांगड्याचंही माप घेत. तिथल्या बायकांनी त्यांचं नाव 'स्केल सार', म्हणजे पट्टीवाले साहेब, असं ठेवलं होतं, आणि स्केल सार दिसले की भाव चढवायचा असाही त्यांचा नियम होता. काकांना वाटे, आपल्याला बघून त्या चांगला माल पुढे करतात.

मी चेन्नईला आलो तो सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. हाताशी नोकरी होती, पगार होता, आणि रविवारी पोहे देईल असं एकही घर नव्हतं. माझा रूममेट निशिकांत अमरावतीचा. त्याने कुठून तरी बातमी आणली की एग्मोर स्टेशनच्या मागच्या गल्लीत एक मराठी म्हातारा राहतो, एकटाच आहे, रविवारी पोहे करतो आणि येईल त्याला खाऊ घालतो. "फुकट?" मी विचारलं. "एक कॅसेट ऐकावी लागते म्हणे," निशिकांत म्हणाला. मला वाटलं भजनाची असेल. पोह्यांसाठी मी भजनही ऐकलं असतं.

दार उघडून काकांनी आधी माझे बूट बघितले, मग चेहरा. "सोलापूर," ते म्हणाले.

"नाही, नाशिक."

"म्हणजे मूळचे सोलापूरचेच. बुटाची टाच डावीकडे झिजलीय." यात सोलापूर कुठून आलं ते त्यांनी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून मी सोलापूरकर झालो. पुढे एकदा माझे आईवडील आले, त्यांनाही काकांनी सोलापूरचं हवापाणी विचारलं. चूक कबूल करणं हे काकांच्या टॉलरन्समध्ये बसत नव्हतं.

काका चिंचवडच्या एका मोटारीच्या कारखान्यात इन्स्पेक्टर होते. म्हणजे माल तपासणारे. पण कुणी "इन्स्पेक्टर" म्हटलं की ते जरा ताठ बसत. तरुणपणी कंपनीने त्यांना मद्रासच्या कारखान्यात पाठवलं, तिथेच ते निवृत्त झाले. लग्न केलं नाही. कारण विचारलं तर एकच उत्तर, "माप जुळलं नाही." घरात टीव्ही नव्हता. "टीव्हीवर सगळं तमिळ येतं, आणि आता ते मला समजतं. म्हणून नको."

आता कॅसेट. ते भजन नव्हतं. ऐंशीच्या दशकात मराठीत एक हेरमालिका लागत असे, गुप्तहेर कारखानिसांची. तिचं पहिलं पर्व काकांनी चिंचवडला घरी बसून पाहिलं होतं. दुसरं पर्व सुरू व्हायला आणि काकांची मद्रासला बदली व्हायला एकच गाठ पडली. मद्रासच्या टीव्हीवर मराठी कुठून दिसणार? मग कुणीतरी घरच्या टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर ठेवून दुसऱ्या पर्वाचा पहिला भाग कॅसेटवर उतरवला आणि मद्रासला पाठवला. कुणी, ते काकांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आमचं लक्ष पोह्यांवर होतं. तर हा टीव्हीवरचा भाग काका वीसेक वर्षं फक्त ऐकत आले होते.

कथा अशी. लाकडाच्या वखारीचा एक श्रीमंत मालक औषध घेऊन झोपतो तो उठतच नाही. संशय तिघांवर: डॉक्टर, कंपाउंडर आणि पुतण्या. कारखानीस सगळ्यांना दिवाणखान्यात जमवतात, घसा साफ करतात, "आणि या घरातला खुनी आहे..." म्हणतात, आणि खट्! कॅसेट संपते. उतरवणाऱ्याला बाजू उलटायचं सुचलं नव्हतं. खट् झालं की काका आमच्याकडे वळत. "बोला. खुनी कोण?"

दर रविवारी हेच. कॅसेट चालू असताना शेव खायची नाही, "पुरावा ऐकू येत नाही." जिथे नुसतं संगीत वाजे तिथे न पाहिलेलं चित्र काका उभे राहून करून दाखवत. "आता कारखानीस टोपी काढतात. आता खिडकीपाशी जातात. आता इथे पायाचा ठसा!" आणि स्वतःच्याच फरशीवर वाकून व्हर्नियरने तो ठसा मोजत.

कॅसेटमध्ये एक म्हातारी होती. मला विचाराल तर सगळ्या भागात जिवंत असं पात्र ते एकच. बाकीचे नाटकासारखं बोलत, ही घरातल्यासारखी बोले. डॉक्टर आला की "या, बसा," म्हणे. पुतण्या रडायला लागला की "अरे, किती वाळलाय हा, खायला घाला कुणीतरी." आणि कंपाउंडरचा आवाज आला की फणकाऱ्याने, "हाच तो मेला! याचे डोळेच सांगतात." अधूनमधून लांब कुठेतरी शिट्ट्या होत. त्या आगगाडीच्या, आणि खुनी गाडीने पळणार, असा निशिकांतचा सिद्धांत होता.

काकांचा निकाल ठरलेला होता. "कंपाउंडर. म्हातारीने डोळे पाहिलेत त्याचे. तिची नजर चुकायची नाही." आम्ही डॉक्टरवर संशय घ्यावा, पुतण्यावर घ्यावा, काका सगळ्यांना रिजेक्ट करत. शेवट पाहिलेला मनुष्य चुकून आला तर त्याला आधीच बजावत, "माहीत असेल तर तोंड उघडायचं नाही. पोहे खा आणि जा."

मी संगणकवाला. तर्क हा माझा धंदा. एका रविवारी खट् झाल्यावर मी हातातली बशी खाली ठेवली आणि म्हणालो, "काका, खून म्हातारीने केलाय."

मला चेव चढला. "बघा ना. ती प्रत्येक प्रसंगात हजर आहे, पण तिच्याशी कुणीच बोलत नाही. तिच्या एका प्रश्नाला उत्तर नाही. म्हणजे ती लपून बसलीय. दुसऱ्यावर ढकलायची सवय, सारखं कंपाउंडर कंपाउंडर. आणि मध्येच ती काय म्हणते? 'अगं बाई, दूध उतू गेलं वाटतं.' विष दुधातून दिलं! औषध ही हूल आहे."

निशिकांतने टाळ्या वाजवल्या. काकांनी माझ्यासमोरची बशी उचलली. पोहे अर्धे शिल्लक होते, त्यावर ओलं खोबरंही होतं. "सोलापूरकर," ते म्हणाले, "चपला घाला." त्यानंतर कित्येक रविवार मला त्या घरी प्रवेश नव्हता. एका काल्पनिक म्हातारीसाठी एवढा राग! मी गल्लीभर सांगत सुटलो की हा म्हातारा कामातून गेला.

निशिकांतने रदबदली करून मला परत आत घेतलं तेव्हा कॅसेटची तब्येत बिघडली होती. आवाज मधूनच पाण्यातून आल्यासारखा होई, आणि एकदा यंत्राने फीत गिळलीच. पेन्सिल घालून, फुंकर मारून, जिवापाड जपत त्यांनी ती बाहेर काढली. "मी संगणकावर उतरवून देतो," मी म्हणालो. "एकदम साफ. मागची खरखर, शिट्ट्या, सगळं काढून टाकता येतं."

"काही काढायचं नाही," काका ओरडले. "मूळ पुरावा घराबाहेर जाणार नाही." पण कॅसेट आता फार दिवस चालणार नाही हे त्यांनाही कळत होतं. ते महिन्यातून एकदाच लावू लागले. बाकीच्या रविवारी नुसते पोहे, आणि ते पोहेसुद्धा गप्प बसून खायचे.

दिवाळीला मी घरी गेलो, तेव्हा एका दुकानात चक्क त्याच मालिकेच्या सीडींचा संच दिसला. मी उड्या मारतच परत आलो. म्हटलं, आता म्हाताऱ्याचा एकदाचा निकाल लागेल आणि माझाही. टीव्ही आणि सीडीचा प्लेअर खालच्या मजल्यावरच्या रावांकडे होता. राव तंजावरचे मराठी. त्यांची मराठी जुनी, चाल तमिळ, आणि काकांची कॅसेट छतातून झिरपून त्यांना जवळजवळ पाठ झालेली. "अय्यो, या की वो! माझेही कान पिकलेत. तोंडं तरी पाहूं त्यांची," म्हणून त्यांनी कॉफीची आज्ञा दिली. काका यायला तयार नव्हते. मग म्हणाले, "कारखानिसांचा चेहरा पाहायचा तेवढा," आणि इस्त्रीचा शर्ट घालून आले.

कारखानिसांना टोपी नव्हती. डोक्यावर केसही नव्हते, त्यामुळे काढण्यासारखं काहीच नव्हतं. खिडकी नव्हती, पायाचा ठसा नव्हता. काकांनी वीस वर्षं उभा केलेला बंगला एका साध्या पडद्यापुढे कोसळला. मी आणि निशिकांत एकमेकांना कोपराने ढोसत होतो. काका मात्र टीव्हीकडे बघतच नव्हते, मान खाली घालून कान लावून बसले होते. डॉक्टर आला. कुणी "या, बसा" म्हणालं नाही. पुतण्या रडला, तो रडला तेवढाच. कंपाउंडर आला, बोलला, गेला. शिट्टी नाही, दूध नाही.

"निप्पाट्टुंग!" राव तमिळमध्ये ओरडले, थांबवा. "ते म्हातारी कुठं गेली वो? ह्यांनी कापली की काय?"

मीही तेच विचारणार होतो. माझा खुनीच गायब होता. कारखानीस घसा साफ करायला लागले तसे काका उठले आणि दाराकडे गेले. खट् व्हायच्या जागी त्यांची पाठ आमच्याकडे होती. पण या वेळी खट् झालं नाही. "आणि या घरातला खुनी आहे... डॉक्टर!"

दाराची कडी धरून काका म्हणाले, "आई चुकली."

"कोण आई?" रावांनी विचारलं.

मग दारात उभ्या उभ्याच काकांनी सांगितलं. टेपरेकॉर्डर आईने ठेवला होता. तिला ती मालिका एकटीने बघायची सवय नव्हती, पहिलं पर्व दोघांनी मिळून पाहिलं होतं, दर आठवड्याला खुनी कोण यावर भांडत. म्हणून मुलगा शेजारी बसलाय असं समजून ती बोलत राहिली, बोलता बोलता कुकरही लावला. कॅसेट मिळाल्यावर काकांनी ट्रंक कॉल केला, खुनी कोण ते विचारायला. आई म्हणाली, "तूच ओळख. दिवाळीला आलास की सांगते." दिवाळी यायच्या आधीच ती गेली. "तिने सांगायचं होतं," काका म्हणाले. "म्हणून दुसऱ्या कुणाकडून ऐकलं नाही. आणि तिला स्वतःचा संशय बरोबर ठरवायची फार हौस. डॉक्टर निघाला म्हणून ती लबाड फोनवर नाव बोलली नाही."

ते हसले आणि मग हसता हसता त्यांना रडू आलं. रावांनी उठून टीव्ही बंद केला. मला भयंकर वाईट वाटलं. ज्या बाईला मी विषारी दूध पाजायला लावलं होतं ती बिचारी मुलाशी गप्पा मारत होती, आणि तिला कुणी उत्तर देत नव्हतं कारण उत्तर देणारा मद्रासला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका स्वतः माझ्या खोलीवर आले. कॅसेट रुमालात गुंडाळलेली होती. "उतरवून दे," ते म्हणाले. "काही साफ करू नकोस. शिट्ट्यांसकट." मी शिट्ट्यांसकट उतरवली. दुधासकट.

पुढच्या रविवारी एक नवा पोरगा आला, नुकताच औरंगाबादहून बदलून आलेला. काकांनी त्याचे बूट बघितले आणि त्याला रत्नागिरीचा ठरवलं. पोहे झाले, शेव बाजूला ठेवली, आवाज सुरू झाला. कारखानिसांनी टोपी काढली, ते खिडकीपाशी गेले, काकांनी ठसा मोजला. खट् झालं. "बोला, खुनी कोण?"

"डॉक्टर," पोरगा म्हणाला. पोरगा हुशार होता.

"रिजेक्ट!" काका म्हणाले आणि माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा अगदी नेहमीचा होता, फक्त व्हर्नियर हातात घट्ट धरलेला होता. "सोलापूरकर, तुम्ही सांगा याला."

"कंपाउंडर," मी म्हणालो. "म्हातारीने डोळे पाहिलेत त्याचे."

"कंपाउंडरच," निशिकांत म्हणाला. तेवढ्यात खालून रावांनीही छताला काठी ठोकली. काकांनी मान डोलावली आणि माझ्या बशीत आणखी पोहे वाढले.