सगळा धूर माझा

आमच्या कॉलनीत गाडी घेऊन शिरायचं असेल, तर आधी नागोरावकाकांची शिट्टी ऐकावी लागते. फाटकाशी खुर्ची, मांडीवर रजिस्टर, कानावर पेन्सिल.

"इंजन बंद! कुठून आले? पेट्रोल का डिझेल? गाडीत माणसं किती?"

नवखा पाहुणा हबकतोच. आम्ही कॉलनीवाले मात्र मुकाट्याने सांगून टाकतो, कारण वाद घातला तर तितका वेळ उन्हात उभं राहावं लागतं. एकदा मी कोपऱ्यावरच्या दुकानातून स्कूटरवर दही घेऊन आलो. काकांनी त्या दह्याकडे असं पाहिलं, की पुढचे आठ दिवस मी दह्याला पायी गेलो.

चूक माझीच. नांदेड आणि आसपासच्या गावांमधून किती कार्बन हवेत जातो, याचा तक्ता भरायचं काम कचेरीत माझ्या टेबलावर येऊन पडलं होतं. शहर, नगरपालिका, नगरपंचायत, प्रत्येकाचा रकाना वेगळा. मी काकांपुढे सहज रडगाणं गायलो. काका एसटीत कंट्रोलर होते. उभी हयात बसस्टँडवर गाड्यांच्या येण्याजाण्याची नोंद करण्यात गेलेली, त्यामुळे निवृत्तीनंतर हात नुसते शिवशिवत होते.

"कार्बन म्हंजे धूरच ना? लई सोपं हाय," ते म्हणाले. "नोंद करू. नोंद झाली की बंदोबस्त झाला."

दुसऱ्या दिवसापासून अर्धापूर, लोहा आणि भोकर इथले त्यांचे निवृत्त सोबती आपापल्या गावच्या रस्त्याला खुर्च्या टाकून बसले. सकाळी नऊला फोन सुरू. "हॅलो भोकर, बोला! हॅलो अर्धापूर, तुमचे केळीचे ट्रक आमच्या हद्दीत धूर सोडून राहिले, अन् नोंद आमच्या नावावर? ते चालायचं न्हाई!"

अर्धापूरकरांचं म्हणणं, केळी आमची, पण खाता तुम्ही, म्हणून धूर तुमचा. हे भांडण तीन दिवस चाललं. शेवटी हद्दीच्या पाटीपर्यंतचा धूर अर्धापूरचा आणि पुढचा नांदेडचा, असा तह झाला. तह पक्का करायला तिकडून केळीचा अख्खा घड आला, तोही बसने. काकांनी तो सायकलवर लादून घरोघर वाटला. यातलं माझ्या तक्त्यात किती उपयोगी पडलं, ते कृपा करून विचारू नका.

महिनाअखेरीला काकांनी कॉलनीतल्या घरांची यादी फळ्यावर लिहिली. सर्वांत कमी धूर त्यांच्याच घरचा. चक्क शून्य!

"काका, पहिला नंबर तुमचा!" मी टाळ्या वाजवल्या.

"हाव," एवढंच म्हणून काका चहा टाकायला आत गेले. रजिस्टर खुर्चीवरच राहिलं. मी पडलो कारकून, रजिस्टर दिसलं की हात गप्प बसत नाही. पाहतो तर प्रत्येक रविवारची शेवटची ओळ पेन्सिलने आखलेली. 'लातूर. येण्याची वेळ अकरा.' पुढे 'आली' हा रकाना कोरा. एसटीत असताना उशीर झालेल्या गाडीची ओळ ते अशीच आखून ठेवायचे.

लातूरला त्यांची मुलगी सुरेखा असते. काकू गेल्यापासून ती दर रविवारी गाडी घेऊन यायची. आणि मग मला आठवलं, रविवारी काका सगळ्यांत आधी लातूरच्या रस्त्यावरच्या लोह्याला फोन लावतात आणि धुराचं काही विचारतच नाहीत.

"लातूरकडून काही?"

"न्हाई रे, नागोराव."

मला फार वाईट वाटलं. घरी जाऊन मी सुरेखाताईला फोन लावला.

"बाबाच म्हणाले, एकटीसाठी चार चाकं कशाला फिरवतीस," ती म्हणाली. "मला बी राग आला. म्हटलं, आता येतच न्हाई."

"ताई, ते दर रविवारी तुमची ओळ आखून बसतात."



त्या रविवारी मी मुद्दाम फाटकाशी रेंगाळलो. साडेदहाच्या सुमारास काकांचा फोन वाजला आणि लोह्याचा आवाज स्पीकर फाडून बाहेर आला. "नागोराव! पांढरी गाडी, एमएच चोवीस, लोहा पास! पोरगी चालवून राहिली, गाडी फुल्ल हाय!"

काका उठले, बसले, परत उठले. आत जाऊन इस्त्रीचा सदरा घालून आले.

गाडी फाटकात आली. आत सुरेखाताई, तिच्या सासूबाई आणि ज्यांना नांदेडला यायचंच होतं अशा गोळा केलेल्या तीन शेजारणी.

"बाबा, एक सीट रिकामी न्हाई. मोजा!"

काकांनी मोजलं नाही. शिट्टी गळ्यात तशीच लोंबत होती. खिडकीवर दोन्ही कोपरं टेकून ते बोलत राहिले. वाळलीस किती, वाटेत चहा घेतला का, आज राहशील ना. मागून सासूबाई म्हणत होत्या, "व्याही, आम्हाला उतरू तर द्या!" इंजिन चालू. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मागे दोन स्कूटर येऊन थांबल्या.

मी रजिस्टर उचललं, कोऱ्या रकान्यात वेळ लिहिली आणि भीत भीत विचारलं, "काका, इंजन चालू हाय. हा धूर कोणाच्या नावावर टाकू? लातूरच्या का नांदेडच्या?"

काकांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"माझ्या घराच्या नावावर टाक," ते म्हणाले. "लातूरपासनं इथवर, सगळा धूर माझा हाय."