तंट्याच्या डोंगराची हकीकत

श्रीवनदेवतेस साष्टांग नमन करून लिहिले जाते. शके पंधराशे नव्वद, कीलकनाम संवत्सरी, डोंगरी मुलखात वर्तमान जाहले ते ऐसे. कोळशापायी डोंगर बोडके जाहले आणि झरे आटले, मग महाराजांनी जमाखर्चाचे मजमदार निळोपंत यांस बोलावून आज्ञा केली की, "पंत, ऐंशी डोंगरांवर पुन्हा रान उठवणे. खजिन्यास झेपेल ऐसी तोड काढणे, न निघाल्यास मजमदारी दुसऱ्यास देऊ." पंतांच्या तोंडचे पाणी पळाले. मग पंतांचे कारभारी पहिल्या डोंगरी गेले आणि जुनी खोडे ओंगळ दिसतात म्हणून मुळासकट उपटिली, दोरी धरून खड्डे पाडिले, रोपे लाविली, आणि गावच्या शेळ्यांनी ती यथासांग भक्षिली. खर्च पाहता तेवढ्यात एक गढी उठली असती. ऐंशींचे गणित करिता पंतांस घाम फुटला.

मग पंत बेजार होऊन आपल्या गावच्या शिवेवरच्या डोंगरी गेले. त्या डोंगराचा तंटा पंत आणि पलीकडच्या गावचे सुभानजी पाटील यांजमध्ये नऊ वर्षे चालिला होता, आणि रिवाज ऐसा की निवाडा होईतो वादाच्या जागी कोणी कुऱ्हाड घालू नये, गुरे सोडू नयेत. सबब दोघेही एकमेकांवर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवीत. पंतांचा मनसुबा ऐसा की, डोंगर मिळताच कोळशाच्या भट्ट्या लावाव्यात आणि लेकीचे लग्न थाटात करावे. पाहतात तो जुन्या खोडांस धुमारे फुटून रान माजलेले, आणि झरा वाहतो. पाटील पहाऱ्यास तेथेच बसले होते.

"पाटील, हे लाविले कोणी?"

"कुनी लावतंय? तुमी मला शिरू दिलं न्हाई, म्या तुमास्नी. रान आपलं आपुन आलं."

तोड सापडली, परंतु सांगावी तर हा डोंगर कायम तंट्यात राहून हातचा जातो आणि लपवावी तर मजमदारी जाते. पंतांस फार वाईट वाटले. मग ओंजळभर पाणी प्याले आणि दरबारी जाऊन सर्व निवेदन केले.

महाराज बहुत संतोषले आणि हुकूम केला की, खोडांस हात लावू नये, शेळ्या खाली राखाव्या, गवत गावाने कापून न्यावे, आणि डोंगरोडोंगरी दोन गावांत तंटा लावून देऊन निवाडा कदापि करू नये. मग एक कागद पुढे करून म्हणाले, "पंत, कालच तुमच्या तंट्याचा निवाडा आला. डोंगर तुमचाच ठरला आहे. काय करावे?"

पंतांनी कागद परत महाराजांपुढे सरकविला. मग म्हणाले, "फाडावा, महाराज."

येणेप्रमाणे ऐंशी डोंगरांस रान आले आणि खजिन्यास पहाऱ्याखेरीज खर्च पडिला नाही. पंतांच्या लेकीचे लग्न साधेच जाहले. वऱ्हाडास झऱ्याचे पाणी सुभानजी पाटलांनी स्वतः वाहिले, दावा मात्र सोडिला नाही.