सेहेचाळिशीचा रंग

द्वारकाबाई कुणालाही नावाआधी वय विचारायच्या. टांगेवाल्याला, पोस्टमनला, नव्याने आलेल्या स्टेशनमास्तरांच्या बायकोला. एकदा दारावर आलेल्या गोसाव्यालाही विचारलं. तो म्हणाला, "साधूला वय नसतं." "वय नसंल, पन खांदे तर हायत? कफनी बघ कशी घसरलीया," असं म्हणून त्यांनी त्याला पायरीवर बसवलं आणि दोन्ही खांद्यांवर टाके घालूनच सोडलं.

मला विचारलं ते मी कर्जतच्या मुलींच्या शाळेत नोकरी धरली त्या आठवड्यात. यजमान जाऊन सहा महिने झाले होते. द्वारकाबाईंच्या शेजारची खोली मी भाड्याने घेतली होती आणि पुस्तकांची पेटी कुठे ठेवावी याचा विचार करत दारात उभी होते.

"वय किती, बाई?"

"बत्तीस."

त्यांनी माझ्या पांढऱ्या पातळाकडे पाहिलं, मग कोपराखाली लोंबणाऱ्या चोळीच्या बाह्यांकडे. "वय बत्तीस आन् चोळी साठीची. दुःख करा, मी नको म्हनत नाय. पन मापात बसलेल्या चोळीत करा."

मला हसू आलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा आलेलं हसू, त्यामुळे लगेच लाजही वाटली. संध्याकाळी मी चोळी त्यांच्याकडे नेऊन दिली.

द्वारकाबाईंना जाऊन आता वर्ष होत आलं. मी लिहायला बसते आणि दोन ओळींनंतर उठते. पण त्यांच्याविषयी लिहायचं तर बरंचसं हसण्यासारखंच आठवतं, त्याला मी काय करू?

द्वारकाबाईंचा जन्म कडावच्या एका शेतकरी घरात मुलगा म्हणून झाला. नाव दत्तू ठेवलं होतं. हे त्या लपवत नसत. "दत्तू व्हता तवा मी बी व्हतेच की. कुनाला दिसत नव्हते एवढंच." तिशीच्या आसपास त्यांनी घर सोडलं, कर्जतला आल्या, लुगडं नेसलं आणि बायकांच्या चोळ्या शिवू लागल्या. बाजाराने वर्षभर हसून घेतलं. मग बायकांच्या लक्षात आलं की शिंप्यापुढे माप द्यायला जो संकोच वाटतो, तो या ओट्यावर वाटत नाही. खालापुराहून बैलगाडीने बायका येऊ लागल्या. बाजार हसायचा पुरता थांबला असं मी म्हणणार नाही. पण बायकोची चोळी न्यायला आलेला माणूस जरा हळू हसतो.

त्यांचं पहिलं लुगडं पोपटी होतं, जरीच्या काठाचं. "सोळा वर्साची ऱ्हायलेली हौस तिसाव्या वर्सी फेडाया गेले," त्या सांगत. "आरशात बघितलं तर नवरी कुठली! गौरीचा मुखवटा खांबाला बांधल्यागत दिसत व्हते." तेव्हापासून त्यांनी कायदा केला, आधी वय, मग रंग. हा कायदा त्या सगळ्या गावाला लावत. डॉक्टरांच्या बायकोला तोंडावर सांगितलं होतं, "रानी कलर पंचविशीत सोडायचा असतो, डॉक्टरीनबाई." डॉक्टरीणबाई दोन महिने फिरकल्या नाहीत. तिसऱ्या महिन्यात जांभळा खण घेऊन आल्या.

स्वतः द्वारकाबाई चांगल्या उंच, हाडापेराने दणकट. अशा अंगाला काय शोभतं याचा त्यांनी जेवढा अभ्यास केला होता तेवढा मी बी. टी.च्या परीक्षेचाही केला नव्हता. "खांदे रुंद हायत म्हून रडू नये, शिवन आत घ्यावी." "मोठ्या बाईनं मोठी फुलं नेसू नयेत, बाग चालल्यागत दिसतं." काठ बारीक, बाही कोपरापर्यंत, पदर दोन्ही खांद्यांवरून. लोकांना त्यांच्याकडून चमकीची अपेक्षा असे. त्यांना मात्र भाजी घ्यायला निघालेल्या, त्यांच्याच वयाच्या दहा बायकांत अकरावी दिसायचं होतं.

लढाईच्या दिवसांत कापडावर कंट्रोल आलं आणि पंचाईत झाली. द्वारकाबाईंच्या रेशनकार्डावर लिहिलं होतं, दत्तू, पुरुष. त्यावर मिळायचं धोतर. जुन्या दोन लुगड्यांचे धड राहिलेले भाग जोडून, दांड घालून त्या नेसू लागल्या. तक्रार नव्हती. मग एका बाजाराच्या दिवशी मी त्यांच्याजवळ बसले असताना त्यांचा धाकटा भाऊ महादू ओट्यापाशी येऊन उभा राहिला.

"दादा, पोरगी झाली."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती त्याच्या. द्वारकाबाईंच्या हातातली सुई तशीच राहिली. "वय किती?" त्यांनी विचारलं.

"तीन दिवस."

आम्ही तिघंही हसलो. मग महादू खाली बघून म्हणाला, "बाराव्या दिवशी बारसं हाय. आई म्हनली, दादाला बोलीव. पन..."

"पन काय रं?"

"धोतर नेसून ये म्हनली."

"धोतर नेसून आले तर मी पोरीची कोन?"

"चुलता."

"आन् कानात नाव कोन सांगंल? चुलता सांगतो का?"

महादू पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. "शेजारची हौसा सांगंल."

"हौसा शेजारीन हाय. आत्या मी हाय."

"ते आईला सांग," असं म्हणून तो गेला.

त्या संध्याकाळी त्यांनी शिवण हातात घेतलीच नाही. "धोतर नेसून गेले तर पाट देतील, दोन घास जास्त वाढतील," मला म्हणाल्या. "पन बायका पाळन्यापाशी जमल्या की मला बाहेर बाप्यांत बसवतील. तिथं बसून मी काय करू, बाई? आन् हे दांड घातलेलं नेसून गेले तर म्हनतील, बाई झाली ती बी भिकारीन."

दुसऱ्या दिवशी मी माझं कार्ड घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने मला बघून मुकाट्याने पांढरं कापड काढलं. मी म्हटलं, "लुगडं दाखवा. रंगीत." दोनच रंग शिल्लक होते, पोपटी आणि राणी. मी पोपटीवर बोट ठेवलं. मागची रांग माना उंचावून बघू लागली. विधवा मास्तरणीने हिरवं लुगडं घेतलं ही बातमी माझ्याआधी घरी पोचली असावी. शाळेत हेडबाईंनी मला "तब्येत बरी आहे ना?" असं एका दिवसात तीनदा विचारलं.

द्वारकाबाईंनी लुगडं उलगडलं आणि कपाळाला हात लावला. "सोळा वर्साचं आनलंत!"

"दुसरं राणी होतं."

"मग हेच बरं. हे म्हातारं करता येईल."

कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या रानातून मोळ्या घेऊन येणाऱ्या एका बाईकडून त्यांनी ऐनाची साल मागवली. लोखंडी कढईत ती दिवसभर उकळली. पोपटी लुगडं त्यात बुडवून टोक वर काढायच्या, उजेडात धरायच्या. "अडतीस," म्हणून परत बुडवायच्या. "चाळिशी लागली. बुडवा परत." मी काठीने ढवळत होते. उन्हं उतरताना शेवाळ्यासारखा, मुरलेला, शांत हिरवा रंग वर आला. "ह्यो बघा," त्या म्हणाल्या, "सेहेचाळीस!" उरलेल्या काढ्यात त्यांनी माझं पांढरं पातळ बुडवलं. मला विचारलं नाही. ते फिकट मातकट झालं. मी ते नेसून शाळेत गेले आणि हेडबाईंनी काही विचारायचंच सोडून दिलं.

चोळीसाठी माझ्या पेटीत तपकिरी खण होता. त्यांच्या कार्डावर मिळालेलं धोतरही घरात होतं. ते त्यांनी फाडून चोळीला अस्तर लावलं. "आई म्हनली ना, धोतर घालून ये," म्हणाल्या. "घातलंय की."

बाराव्या दिवशी आम्ही बैलगाडीने कडावला गेलो. गाडीवानाला वय विचारायचं त्या विसरल्या, तेव्हा मला कळलं की त्या किती घाबरल्या आहेत.

घरात बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या. मी विधवा, म्हणून माझी मीच दाराशी थांबले. द्वारकाबाई आत गेल्या. एक तरणी सून तोंडाला पदर लावून म्हणाली, "आत्या म्हनायचं का काका?" दोघीतिघी खुदखुदल्या. द्वारकाबाई नुसत्या उभ्या राहिल्या, पदर सारखा करत.

हौसा मात्र त्यांना पायापासून वर न्याहाळत होती. "काष्टा कुनी घातला गं?"

"माझा मीच."

"बघ," हौसा त्या सुनेकडे वळली. "दोन वर्सं शिकवते तुला. हिचा बघ. एक चून इकडची तिकडं नाय."

पाळण्याच्या दोरीशी म्हातारी आई बसली होती. तिच्या डोळ्यांत सारा पडला होता, दिसत नव्हतं. तिने हात पुढे केला, द्वारकाबाईंचा पदर धरून जवळ ओढला आणि बोटांनी चाचपला.

"रंग कंचा?"

"हिरवा, पन मुरलेला." द्वारकाबाईंचा आवाज बारीक झाला होता. "सेहेचाळिशीचा."

"सेहेचाळीस कुठली?" म्हातारी म्हणाली. "तू झालीस तवा भात कापनीला आलं व्हतं. औंदाच्या कापनीला सत्तेचाळीस सरली."

मी मुलींना व्याकरण शिकवते. 'झालीस' म्हणाली ती. 'झालास' नाही. चुकून म्हणाली की ठरवून, हे मला अजून सांगता येणार नाही. द्वारकाबाईंनाही ते ऐकू आलं असणार, कारण त्यांनी पदर सोडवून घेतला नाही, तसाच आईच्या हातात राहू दिला. मग म्हणाल्या, "म्हंजी रंग चुकला."

"एका वर्सानं काय हुतंय," म्हातारी म्हणाली. "पोर कवाची जागी हाय. सांग नाव."

हौसा सरकली. द्वारकाबाई पाळण्यावर वाकल्या आणि बाळाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "कुर्र... हिरा." त्यासरशी बायकांनी रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. पण त्या उंच, हात पुरेनात. "वाक गं आनखी! केवढी ही आत्या, शिडी लावायची का?" म्हणत हौसाने त्यांची मान खाली दाबली. मघाची ती सूनही पुढे झाली आणि हात उगारून, जरा थांबून, धपाटा मारलाच. दाराशी मला खणाची शिवण उसवल्याचा आवाज आला. द्वारकाबाई वाकलेल्याच राहिल्या. धपाटे थांबले तरी.

परतताना गाडीत मी पाहिलं, चोळी पाठीत चांगली चार बोटं उसवली होती. आतलं धोतराचं अस्तर दिसत होतं. उसवलेला टाका दिसला की त्यांना चैन पडत नसे, हे मला माहीत होतं.

"घरी गेल्यावर काढून द्या, मी शिवते," मी म्हटलं. "आणि पाठ शेकायला हवी. लागलंय तुम्हाला."

"नको."

"शिवायचीही नको?"

त्यांनी मान हलवली. गाडी ओढ्यातून पार झाली, बांधाला लागली. बऱ्याच वेळाने त्यांनी बोटं मोजली, एकदा, मग परत एकदा.

"सात जनींनी मारलं, बाई," त्या म्हणाल्या. "हौसानं दोनदा."