तेरा उणे आठचा खुला पाठ

नुरझात प्राथमिक शिक्षिकेची पदविका घेऊन गावी परतली, त्याच संध्याकाळी तिच्या वडिलांनी, सूयुनबायनी, मेंढा कापला. पदविका मिळाली म्हणून नव्हे, नोकरी लागली म्हणून. नोकरी अजून लागायची होती. पण पाहुणे येऊन बसले होते, आणि पाहुण्यांना 'थांबा, आधी नेमणूक होऊ द्या' म्हणणं नारीन नदीच्या वरच्या अंगाला कुणाला शोभत नाही. मेंढ्याचं डोकं गावातल्या सर्वांत वयस्क गृहस्थांपुढे ठेवलं गेलं. त्यांनी तळहात उघडून 'या पोरीच्या हातून गाव शहाणं होवो' असा आशीर्वाद दिला. सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले आणि मटणाकडे वळले.

"बाबा, अजून मुलाखतसुद्धा झाली नाही," नुरझात कानात म्हणाली.

"मग दे की. तुला कोण अडवतंय? मेंढ्याचं तर झालं."

म्हणजे आता नोकरी न मिळणं हे साधं अपयश राहिलं नव्हतं. तो जेवून गेलेल्या प्रत्येकाचा अपमान ठरणार होता.

शाळेच्या मुख्याध्यापिका तुर्दुकानबाई यांनी पदविका उलटसुलट करून पाहिली. "लाल जिल्दीची आहे. रंग चांगला आहे. पण जिल्ह्याच्या समितीपुढे खुला पाठ द्यावा लागेल."

"देईन की. कशावर?"

"'शरद ऋतू'वर. पाठ ठरलेला आहे, मुलं ठरलेली आहेत, मुलांची उत्तरं ठरलेली आहेत. फक्त शिक्षिका ठरायची आहे."

मुलं म्हणजे दुसरी 'ब'. या वर्गाला समितीपुढे बसण्याचा दांडगा अनुभव होता. आसपासच्या कुठल्याही शाळेत समिती आली की हाच वर्ग मिनीबसमधून तिथे नेला जाई. समितीनंही आपल्या अहवालात 'जिल्ह्यातील विद्यार्थ्यांचा दर्जा सर्वत्र एकसमान' असा गौरवपूर्ण उल्लेख केलेला होता.

तालमीला नुरझातनं पहिला प्रश्न विचारला आणि सगळ्या वर्गानं हात वर केला. ती हरखून गेली.

"बाई, नीट बघा," पुढच्या बाकावरची चोलपोन म्हणाली. "येत असेल त्याचा उजवा, नसेल त्याचा डावा. डाव्यांना विचारायचं नाही. आधीच्या बाईंनी एकदा विचारलं होतं."

"मग?"

"म्हणून तर त्या आधीच्या बाई." चोलपोननं सुस्कारा सोडला. "आणि कवितेची तिसरी ओळ तुम्ही विसरायची. मी आठवण करून देते. मग समितीचे साहेब हसतात. पण तुम्ही फार लवकर विसरताय. जरा अडखळा. पुन्हा पहिल्यापासून!"

चार दिवसांत मुलांनी नुरझातला बऱ्यापैकी तयार केलं.

पाठाच्या दिवशी समितीची जीप खिंड ओलांडून वेळेवर पोहोचली. मागून मिनीबस यायची होती, कारण दुसरी 'ब' आदल्या दिवशी पलीकडच्या गावात शरद ऋतू शिकत होती. तेवढ्यात खिंडीत बर्फ पडलं आणि शरद ऋतू तिथेच अडकला.

"आता?" नुरझातनं विचारलं.

"दुसरी 'अ' बसवते," तुर्दुकानबाई भिंतीचा आधार घेत म्हणाल्या. "पण पोरी, सांभाळ. ती मुलं कधी कुणाला दाखवलेली नाहीत. त्यांना नुसतं शिकवलं जातं."

समितीचे अध्यक्ष मामबेतोव साहेब पांढरी लोकरी नमद्याची टोपी मांडीवर ठेवून मागच्या बाकावर बसले. 'अ'च्या मुलांना शरद ऋतूची कविता ठाऊक नव्हती, म्हणून नुरझातनं फळ्यावर तेरा उणे आठ लिहिलं आणि सहज एर्गेश नावाच्या मुलाला उठवलं.

"नऊ," एर्गेश ठामपणे म्हणाला.

तुर्दुकानबाईंनी डोळे मिटले.

"खिशात हाडं आहेत?" नुरझातनं विचारलं. नेम धरून खेळायची मेंढीच्या घोट्याची हाडं इथे कुठल्या पोराच्या खिशात नसतात? एर्गेशनं मूठ मूठ करून तेरा हाडं बाकावर मांडली. "आता समज, यातली आठ तू हरलास."

"मी हरत नाही, बाई."

"समज, हरलास."

"कुणाकडून?"

"या मिर्लानकडून."

"मिर्लानकडून? त्याला नेम तरी धरता येतो का?" वर्ग खदाखदा हसला. मिर्लाननं मात्र मुकाट्यानं आठ हाडं आपल्याकडे ओढली. एर्गेशनं डोळ्यांत पाणी आणून उरलेली मोजली, आणि एकदम उभा राहिला. "पाच! बाई, पाच! म्हणजे नेहमी पाचच?"

"नेहमी."

"उद्यासुद्धा?"

मागच्या बाकावर मामबेतोव साहेबांनी चष्मा पुसला.

"हा मुलगा आधी चुकला. मग आमच्या डोळ्यांदेखत त्याला आलं," ते सावकाश म्हणाले. "तुर्दुकानबाई, इतक्या वर्षांत अशी तालीम मी पाहिली नाही! काय चुकला! जणू खरंच येत नव्हतं! आणि ते डोळ्यांतलं पाणी!"

नुरझातला घरी बसलेला बाप दिसला, जेवून गेलेलं गाव दिसलं. तरीही तिच्यानं राहवलं नाही. "साहेब, तालीम नव्हती. त्याला खरंच येत नव्हतं."

साहेब उठून उभे राहिले. "ऐकलंत? पाठ संपला तरी बाई भूमिका सोडत नाहीत! नेमणूक आजपासून."

तिथून पुढचं सगळं नियमानुसार झालं. 'जिवंत अध्ययन' ही पद्धत जिल्ह्यात लागू झाली आणि ती पाहायला महिन्याला एक समिती येऊ लागली. अडचण एवढीच, की एर्गेशला आता तेरा उणे आठ येत होतं आणि काही केल्या विसरता येत नव्हतं. प्रत्येक समितीला ताजा, न येणारा मुलगा लागे. म्हणून आदेश निघाला: दुसरी 'अ'ला वजाबाकी शिकवू नये, अज्ञानाचा पुरेसा साठा राखून ठेवावा. एकाही पालकानं तक्रार केली नाही. तिघे जण तेवढे भांडायला आले, की आमच्या मुलालाही काही येत नाही, मग त्याला का निवडलं नाही?

नुरझात गुणाकार मात्र शिकवते. दार लावून, हळू आवाजात, एका मुलाला खिडकीशी पहाऱ्याला बसवून. बाहेर कुठे बोलायचं नाही अशी मुलांना सक्त ताकीद आहे. तुम्हाला सांगितलं ते विश्वासानं. तुम्ही काही समितीवर नाही ना?

नाही? मग मघापासून समितीसारखी मान का डोलावताय?