बेबीची बाटली

चांगली केळी दिली म्हणून केळीवाल्याशी भांडणारा माणूस अख्ख्या वर्ध्यात एकच होता. आमचे भोयर सर. "अबे, हे ताजे कायले देतं? काळे पडेल दे. माह्या लेकरायले ताजे चालत नाई!"

लेकरं म्हणजे फळमाश्या. सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, मी वनस्पतिशास्त्र, आणि त्या सत्तरच्या दशकात आम्हा दोघांना मिळून खोली एकच. केळं, गूळ आणि मक्याचं पीठ शिजवून सर दुधाच्या बाटल्यांत माश्या पाळत. त्या माझ्या चहात पडत. शेवटी मी चहा सोडला, सरांनी माश्या सोडल्या नाहीत.

एका बाटलीवर त्यांचा विशेष जीव. तिच्यातल्या काही माश्यांत जन्मजात खोट होती. कोशात अंग घडता घडता बिघडे आणि माशी आतच मरे. निरोगी वाणाशी संकर करत चांगल्या गुणसूत्राचा तुकडा त्यांच्यात आणायचा, म्हणजे ती जिवंत बाहेर येईल, असा सरांचा बेत. बाकी बाटल्यांवर आकडे, हिच्यावर 'बेबी'. मला वाटलं, परदेशी वाणाचं नाव असेल.

चार वर्षं तसली एकही माशी जिवंत बाहेर आली नाही. उन्हाळ्यात बाटल्यांभोवतीची पोती भिजवायला सर रविवारीही यायचे. सख्ख्या साळ्याच्या लग्नातून हळदीआधीच परतले.

"काऊन एवढं करता, सर?" मी वैतागून विचारायचो.

"तिले आत मरू नाई द्याचं." एवढंच उत्तर.

पाचव्या वर्षी, मे महिन्यात, एक बाहेर आली. पंख जरा वाकडे, पण चालत होती. आता ईथरनं बेशुद्ध करून तिला भिंगाखाली तपासायची, हा नियम. सरांनी ईथरचा कापूस उचलला आणि परत ठेवला.

"राहू द्या. थकली असन."

बाराव्या दिवशी ते डबा घेऊन आले. आत घुगऱ्या.

मी हसलो. "माशीचं बारसं हाये का काय?"

"हो," सर म्हणाले. "आमची बेबी नवव्या दिवशी गेली. दवाखान्याच्या कागदावर तेवढंच नाव होतं. डॉक्टर म्हणे, पोटातच काहीतरी घडाचं राह्यलं. बारसं राहूनच गेलं."

मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं एका खोलीत बसून मी या माणसाशी फक्त चहावरून भांडलो होतो.

"नाव ठेवाचा मान आत्याचा असते," सर म्हणाले. "इथं आत्या कुठून आणू? तुम्हीच ठेवा."

मी बाटलीशी तोंड नेलं, कुर्र केलं आणि हळूच म्हणालो, "सुमन."

सरांनी जुनं लेबल नखानं खरवडून काढलं.