कोठीच्या खोलीतील कारावास

वाचकहो, कारागृह रक्षक होण्यासाठीच जर कोणी मनुष्य या भूतलावर जन्मास आला असेल, तर तो प्रस्तुत लेखक होय! छाती भरदार, आवाज खणखणीत, आणि नजर अशी की शेजारचे मांजर दुधाच्या पातेल्यापासून माघारी फिरते. धावण्याच्या परीक्षेत मी उत्तीर्ण झालो होतो. उरली होती ती केवळ मुलाखत, त्याच दिवशी दुपारी बारा वाजता.

परंतु ज्यास कैद्यांवर पहारा ठेवावयाचा आहे, त्याने आधी कैद्याचे अंतःकरण जाणले पाहिजे, असा विचार त्या सकाळी दात घासताना माझ्या मनात चमकला. तत्काळ मी कोठीच्या खोलीस तुरुंग घोषित केले, पत्नीस अधीक्षकपदी नेमले आणि कुलपाची चावी सासूबाईंच्या हाती सोपविली.

"अर्ध्या तासानं अधीक्षक येऊन परवलीचा शब्द सांगतील, 'कर्तव्यदक्षता'. तेव्हाच दार उघडायचं. कैदी रडेल, पोट दुखतंय म्हणेल, आग लागली म्हणेल. विश्वास ठेवायचा नाही! आणि शब्द कैद्याला कळला, तर तो बाद. नवा ठरवायचा."

"काळजीच नको, जावईबापू," चावी कमरेला खोचत सासूबाई म्हणाल्या. "दोन वर्षं घरी बसलायत तुम्ही. नोकरी लागणार असेल, तर महिनाभरसुद्धा आत ठेवीन!"

कांद्याचे पोते आणि जुनी गादी यांच्या मधोमध मी अर्धा तास कैद्याच्या मनोव्यथांचे चिंतन केले. नंतर मात्र चिंता वाटू लागली. अधीक्षक माझ्या पँटला इस्त्री करून आणण्यास गेल्या होत्या, आणि घरातील पंखा बंद पडल्याचा आवाज मी ऐकला होता. वीज गेली होती! म्हणजे इस्त्रीही थंड आणि अधीक्षकही दुकानात ताटकळत!

"सासूबाई, पुरे झाला सराव! उघडा!"

"अधीक्षक कुठायत?"

"अहो, बारा वाजता मुलाखत आहे माझी!"

"अस्सं! आणि काल तुम्हीच म्हणालात ना, कैदी लबाड असतो असं भरतीच्या पुस्तकात लिहिलंय!"

"माझं पोट दुखतंय!"

"हे तर तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत," सासूबाई समाधानाने म्हणाल्या, आणि दारासमोर खुर्ची ओढून भाजी निवडू लागल्या.

अखेर पत्नीची पावले वाजली. माझा जीव भांड्यात पडला.

"आई, अगं उघड दार! साडेबारा वाजले!"

"शब्द?"

"कर्तव्य... कर्तव्य काहीतरी. कर्तव्यनिष्ठा?"

"चूक!"

"कर्तव्यदक्षता! दक्षता!" मी आतून गर्जना केली.

बाहेर भाजीचे ताट खाली ठेवल्याचा आवाज आला.

"अगं बाई," सासूबाई कुजबुजल्या, "कैद्याला शब्द माहीत आहे! झाला बाद!"

"पण तो मीच ठरवला होता ना!"

"तेव्हा तुम्ही साहेब होतात. आता कैदी आहात!"

मायलेकींनी कुजबुजत नवा शब्द ठरविला. मग कुठे कुलूप उघडले! डोक्यावर कांद्याची साले मिरवीत मी मुलाखतीच्या दालनात पोहोचलो, तेव्हा साहेब खुर्चीवरून उठण्याच्या बेतात होते. मी घडलेला वृत्तांत निर्भीडपणे निवेदन केला. साहेब पुन्हा खाली बसले.

"पोट दुखतंय म्हणालात, तरी उघडलं नाही?"

"नाही, साहेब!"

"पोटच्या मुलीनं सांगितलं, तरी नाही?"

"मुळीच नाही!" माझी छाती अभिमानाने फुलली. गणवेश जणू अंगावर चढलाच होता!

"शाब्बास! वय काय तुमच्या सासूबाईंचं?"

"सदुसष्ट."

"अरेरे!" साहेबांनी खिन्नपणे पेनाला टोपण लावले. "तुम्ही पुढच्या भरतीला या. वेळेवर."

घरी परतलो, तो दार बंद. पत्नी बाजारात गेली होती. दाराआडून सासूबाईंची विचारणा झाली, "काय झालं?"

"पुढच्या भरतीला बोलावलंय."

"मग सराव आजपासूनच! शब्द?"

वाचकहो, तो नवा शब्द मला कोणीही सांगितलेला नाही. प्रस्तुत लेखन मी जिन्याच्या पायरीवर बसून करीत आहे. पुढच्या भरतीत माझी निवड निश्चित आहे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तूर्त कोणी माझ्या पत्नीस बाजारात पाहिलेच, तर तिला थोडी घाई करण्यास सांगावे. पोट खरोखरच दुखत आहे!